सेकंड शिफ्टवाल्यांनी समुपदेशकाकडे जायचं कधी?

'ज्याच्याकडे रिकामा वेळ, त्यालाच समुपदेशन परवडतं' हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत मला निम्मंच पटतं. वेळेची ओढाताण खरीच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी शिफ्ट दुपारी तीनची, सकाळी एम.कॉम.चा अभ्यास आणि बहुतेक समुपदेशक संध्याकाळी बसणारे. दोनदा अर्धी रजा टाकली, तिसऱ्यांदा सुपरवायझरनं 'परत दात दुखतोय काय?' म्हणून विचारलं. (दाताचं कारण मीच दिलं होतं म्हणा.)

पण इथं टेलिमानसचा विषय कुणी काढलाच नाही. १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीसाठीचा केंद्र सरकारचा मोफत नंबर, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, आणि चोवीस तास. मी रात्री सव्वाअकराला शिफ्ट सुटल्यावर गाडीतळावर स्कूटरवर बसूनच फोन लावला. आपल्या बेळगावच्या मराठी माणसांसाठी महत्त्वाचं म्हणजे भाषा निवडता येते, मराठीसुद्धा. माझं कन्नड बाजारापुरतं चांगलं चालतं, पण 'छातीत धडधडतंय, पोर्शन डोक्यात शिरत नाही' हे मला कन्नडमध्ये सांगताच आलं नसतं. समुपदेशकासोबतच्या दर आठवड्याच्या बैठकीची जागा फोन घेत नाही, हे कबूल. मी आता समुपदेशकाकडून सुट्टीच्या दिवशीची वेळ मागून घेतलीय, महिन्यातून दोनदा.