ऑफिसच्या सिम्युलेशनमध्ये एकेक माणूस किती बारकाईने दाखवायचा?

प्रश्न
एजंट-बेस्ड मॉडेल (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक माणूस वेगळा धरून, त्यांच्या वागण्यातून काय घडतं ते बघायचं मॉडेल) करतोय, कंपनीत कामाची नवीन पद्धत कशी पसरते किंवा का पसरत नाही ते बघायचंय. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वभावाचे पाच गुण, मूड, बॉसवरचा विश्वास सगळं दिलंय आणि आता रिझल्ट बदलला तर तो कशामुळे बदलला तेच कळत नाही. कमी करावं तर माणसं खोटी वाटतात. कुठे थांबायचं?

उत्तर १
मूड आणि स्वभाव आधी काढा. संस्था कशा शिकतात याचे अभ्यासक जेम्स मार्च यांचं 1991 चं मॉडेल बघा, त्यात माणूस म्हणजे त्याच्या समजुती (प्रत्येक बाबतीत 1 किंवा -1, काहीच मत नसेल तर 0) आणि तो संस्थेकडून किती पटकन शिकतो तो एक आकडा, बास. संस्था पण माणसांकडून शिकते, ज्यांच्या समजुती वास्तवाला जास्त धरून आहेत त्यांच्याकडून. एवढ्यावरच दिसतं की सगळे भराभर शिकले तर लवकर एकसारखे होतात आणि मग संस्थेला शिकायला कोणी उरतच नाही, काही जण हळू शिकणारे असले तर शेवटी फायदा होतो. मला हे फार सुंदर वाटतं.

उत्तर २
मान्य, पण सगळ्यांना एकच आकडा देऊ नका, तुमचा प्रश्न पसरण्याचा आहे! समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं 1978 चं उदाहरण घ्या: 100 माणसं, "आधी किती जणांनी केलं की मी करणार" हा प्रत्येकाचा थ्रेशोल्ड, 0 पासून 99 पर्यंत. एकामागून एक सगळे सामील होतात. आता फक्त 1 वाल्याचा 2 करा, पहिल्याच माणसावर गाडी अडते. सरासरी जवळजवळ तीच, निकाल पूर्ण उलटा.

प्रश्नकर्ता
अरे बापरे, मी तर सर्वेची सरासरीच सगळ्यांना लावली होती. मग थ्रेशोल्ड लोकांना थेट विचारू का?

उत्तर ३
विचारून फारसं हाती लागत नाही, बहुतेक जण म्हणतात मी माझं मी ठरवतो. त्यापेक्षा कोणी कधी वापरायला सुरुवात केली त्या तारखा काढा, आणि तेव्हा त्याच्या आजूबाजूचे किती जण वापरत होते ते मोजा, आख्ख्या कंपनीतले नाही, कारण प्रत्येकाला सगळे दिसत नाहीत. फक्त यातून थ्रेशोल्डची वरची मर्यादा कळते, खरा आकडा त्याहून कमी असू शकतो, म्हणून थ्रेशोल्डची दोन-तीन वेगवेगळी वाटपं (किती जणांना कोणता आकडा) धरून प्रत्येक पुष्कळ वेळा रन करा. मग बॉसवरचा विश्वास परत टाकून बघा, त्याने पसरण्याचा आकार बदलला तरच ठेवा.