दोन वर्षं झाली की होल मिल्क बंद: अमेरिकेतल्या विक योजनेतलं दूध

चिमणी
विक (डब्ल्यूआयसी) ही अमेरिकेतली केंद्र सरकारची पूरक आहार योजना. गरोदर आणि बाळंतीण बायका, तान्ही बाळं आणि पाच वर्षांखालची मुलं यांच्यासाठी. उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 185 टक्के. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा तिच्याशी संबंध येत नाही. मी दुभाषी म्हणून एका क्लिनिकमध्ये जाते, त्यामुळे माझा येतो.

तिथे सतत कानावर येणारी तक्रार दुधाची. मूल एक ते दोन वर्षांचं असेपर्यंत विकच्या कार्डावर होल मिल्क (मलई न काढलेलं, सव्वातीन टक्के चरबीचं) मिळतं. दुसरा वाढदिवस झाला की फक्त एक टक्केवालं (म्हणजे एक टक्का चरबीचं) किंवा स्किम (चरबी जवळजवळ सगळी काढलेलं). आईलाही तेच. 2014 च्या नियमाआधी दोन टक्केवालं सर्रास चालायचं, तेही गेलं. मग दुकानात काय होतं? बाई सवयीने होल मिल्कचा गॅलन उचलते, कॅशियर स्कॅन करते, मशीन नाही म्हणतं. मागे रांग, कडेवर रडणारं पोर, आणि ही परत दुकानाच्या पार टोकाला असलेल्या कूलरकडे.

स्नॅपच्या (गरिबांना किराण्यासाठी सरकारी मदत देणारी योजना) कार्डावर हवं ते दूध घेता येतं. मग विकमध्येच आईच्या अकलेवर एवढा अविश्वास का? निवड तिला करू द्या.

खडूस
कारण स्नॅप म्हणजे किराण्याला मदत आणि विक म्हणजे आहाराचा सल्ला. विकमध्ये मुलाचं वजन-उंची बघतात, रक्त तपासतात, आहारतज्ज्ञ बोलतो आणि मग यादी ठरते. करदात्याच्या पैशातून मिळणाऱ्या सल्ल्यात 'मला आवडेल ते' कसं चालेल? होल हवंच असेल तर स्नॅपवर किंवा स्वतःच्या पैशाने घ्या, कुणी अडवलंय?

चिमणी
@खडूस, स्वतःच्या पैशाने घेता आलं असतं तर बाई विकच्या रांगेत कशाला उभी राहिली असती?

मीनल_आहारतज्ज्ञ
आधी दुधाकडे बघू. एक कप होलमध्ये साधारण 150 कॅलरी आणि 8 ग्रॅम फॅट. एक टक्केवाल्यात 100 च्या आसपास कॅलरी आणि अडीच ग्रॅम फॅट. प्रथिनं दोन्हीत 8 ग्रॅम, कॅल्शियम दोन्हीत 300 मिलीग्रॅमच्या घरात. म्हणजे काढली जाते ती चरबी, 'दुधातलं सत्त्व' नव्हे. क्लिनिकमध्ये आजीबाई मला ऐकवतातच, पाणी घातलेलं दूध देता म्हणून!

दोन वर्षांपर्यंत होल देतात ते मेंदूच्या वाढीला चरबी लागते म्हणून. 2009 मध्ये विकची यादी बदलली, दोन वर्षांवरच्यांचं होल बंद झालं, ज्यूस कमी झाला, भाजी-फळांसाठी पैसे आले. विकमधल्या 2 ते 4 वर्षांच्या मुलांमधला लठ्ठपणा 2010 मध्ये 15.9 टक्के होता, 2014 मध्ये 14.5. श्रेय एकट्या दुधाला देणार नाही, पण चालू आहे ते मोडायला मला ठोस कारण हवं.

राजगिरा
ठोस कारण घ्या. 2020 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले. होल पिणाऱ्या मुलांमध्ये जास्त वजनाची शक्यता कमी चरबीचं दूध पिणाऱ्यांपेक्षा 39 टक्क्यांनी कमी निघाली. चरबी कमी करून मुलं बारीक होत असती तर हे उलटं दिसलं असतं.

मीनल_आहारतज्ज्ञ
तो मी वाचलाय. त्यातले अभ्यास निरीक्षणाचे आहेत. हडकुळ्या पोराला आई होल देते आणि गुबगुबीत पोराला डॉक्टर स्किम सांगतात. मग होल पिणारी मुलं बारीक दिसणारच! कार्यकारणभाव कुठल्या दिशेने जातो हे त्यातून कळत नाही.

राजगिरा
मग लठ्ठपणा 15.9 वरून 14.5 झाला, ते तरी कुठे प्रयोगातून आलंय? तुमचं निरीक्षण धोरण आणि आमचं निरीक्षण संशयास्पद, हे बरंय.

हिशेबनीस
तुम्ही टक्क्यांवर भांडताय आणि इकडे दूधच कमी झालं. 2024 च्या नियमात महिन्याची कमाल मर्यादा अशी बदलली: गरोदर बाईला 22 क्वार्टवरून (क्वार्ट म्हणजे पाव गॅलन, साधारण एक लिटर) 16, एक वर्षाच्या मुलाला 16 वरून 12, दोन ते चार वर्षांच्याला 16 वरून 14. सोळा क्वार्ट म्हणजे चार गॅलन, आणि एकट्या माणसाला ते पुष्कळ झाले. बदल्यात भाज्या-फळांची रक्कम वाढवून कायम केली. डेअरीवाल्यांनी आरडाओरडा केला, पण मला हा बदल पटतो.

याच नियमात लॅक्टोज-फ्री दूध उपलब्ध ठेवणं राज्यांना बंधनकारक झालं. ज्या घरात दूध पचतच नाही त्यांच्या दृष्टीने खरी निवड ही. प्रोटीन आणि कॅल्शियमच्या निकषात बसणारं सोया चालतं. बदामाचं दूध बसत नाही, त्यात कपाला जेमतेम ग्रॅमभर प्रोटीन असतं. त्यावरही कुणी 'निवड' म्हणून भांडणार का?

चिमणी
बदामाच्या दुधासाठी नाही भांडणार. पण एक घर सांगते. धाकटं दीड वर्षाचं, थोरलं तीन वर्षांचं. फ्रिजमध्ये दोन गॅलन, एक होल, एक एक टक्केवाला. थोरल्याला धाकट्याचंच हवं. शेवटी आईने दोन्ही एका जगमध्ये ओतायला सुरुवात केली.

हिशेबनीस
सव्वातीन अधिक एक, भागिले दोन. सव्वादोनपेक्षा किंचित कमी. म्हणजे 2014 मध्ये काढलेलं दोन टक्केवालं तिने घरीच बनवलं :)

खडूस
हसण्यावारी नेऊ नका. यात धाकट्याच्या वाटची चरबी कमी झाली, आणि नियम नेमका त्याच्यासाठीच होता. निवड आईवर सोडली की असं होतं.

राजगिरा
निवड सोडलीच कुठे होती, काका? दोन वेगळे गॅलन सरकारनेच हातात दिले. दोघांनाही होल दिलं असतं तर धाकट्याचं पूर्ण मिळालं असतं.

मीनल_आहारतज्ज्ञ
या घरापुरतं खडूस बरोबर आहेत, धाकट्याचा गॅलन वेगळाच राहायला हवा. तीन वर्षांच्याला होल द्यावं यावर मी अजूनही 'नाही'च म्हणेन. पण नियमात जागा आहे हे बऱ्याच आयांना कुणी सांगत नाही. मुलाचं वजन कमी असेल तर तपासणी करणारा आहारतज्ज्ञ दोन टक्केवालं लिहून देऊ शकतो, राज्याने तो पर्याय ठेवला असेल तर. उलट वजनाची काळजी असलेल्या एक वर्षाच्या मुलालाही कमी चरबीचं देता येतं. शिवाय दुधाऐवजी चीज मिळतं, तीन क्वार्टला एक पौंड. दही एका क्वार्टला एक क्वार्ट.

चिमणी
दह्याचं कुणी बोललंच नव्हतं! दोन टक्क्यांचं आई स्वतः मागू शकते की आहारतज्ज्ञानेच सुचवायला लागतं?

मीनल_आहारतज्ज्ञ
मागू शकते. मुलाच्या वजन-उंचीच्या नोंदी समोर ठेवून विचारायला सांग. नाही म्हणाले तर कारण विचारायचं.

खडूस
आणि नोंदी ठीकठाक असतील तर 'नाही' हेच उत्तर असेल, हेही तिला आधीच सांगून ठेव.