आजोबांचा वस्तरा सापडलाय, पट्टा आणि दगड कुठला घेऊ?

लोकल_लटकंती:
मंडळी मदत हवीय. माळा साफ करताना ट्रंकेत आजोबांचा घडीचा वस्तरा सापडला, पात्यावर सोलिंगन (जर्मनीतलं पात्यांसाठी प्रसिद्ध गाव) लिहिलंय, मूठ पिवळी पडलीय पण तुटलेली नाही. पात्यावर दोनचार काळे डाग आहेत, धारेवर गंज दिसत नाही. तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय की दाढी करीन तर यानेच. चार दिवस व्हिडिओ बघतोय, एक म्हणतो १०००, ४०००, ८०००, १२००० (आकडा मोठा तितका दगड बारीक) सगळे दगड पाहिजेतच, दुसरा म्हणतो बेल्जियमचा नैसर्गिक दगड घे बाकी सगळं झूट, तिसरा पट्ट्याला पॉलिशची हिरवी पेस्ट लावतोय. हिशेब केला तर अर्धा पगार तिकडेच. बायकोला अजून बोललेलो नाही. बजेट ४-५ हजार. स्ट्रॉप, म्हणजे धार घोटायचा चामड्याचा पट्टा, २ इंची का ३ इंची? दगड कुठला? नागदेवीच्या हत्यारबाजारात मिळतात का ऑनलाइनच बघू?

गिरगावचा_काका:
अरे थांब, दगडावर आत्ता एक रुपया घालू नकोस. धारदार वस्तरा गालावर कसा लागतो हेच तुला अजून माहीत नाही, मग उद्या ओढाताण झाली तर हात चुकला, पट्टा चुकला का दगड चुकला ते कळणार कसं? आधी कुणा जाणत्याकडून एकदा नीट धार लावून घे. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये नेऊ नकोस, तिथे अर्ध्या ब्लेडचा वस्तरा असतो, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड फेकतात, दगडाला हात लावायची वेळच येत नाही त्यांच्यावर.

पट्टा मात्र पहिल्या दिवसापासून हवा. प्रत्येक दाढीच्या आधी २० वेळा कापडावर, ४०-५० वेळा चामड्यावर. पाठ पुढे, धार मागे, आणि टोकाला पोचलास की पाठीवर उलटवायचा, धारेवर उलटवलास की पट्टा गेलाच. ताणून धर, ढिला धरलास तर धार गोल होते. पातं साधारण ३ इंच असतं म्हणून ३ इंची घे, अख्खं बसतं, २ इंचीवर तिरकं ओढावं लागतं आणि नवख्याला ते जमत नाही. पहिला पट्टा तू कापणारच, म्हणून स्वस्तातला घे. माझा तिसऱ्या दिवशी कापला, मध्येच फोन वाजला म्हणून मान वळवली आणि चर्र.

धारावीकर_७७:
काका बरोबर. पट्ट्यासाठी सायन-बांद्रा लिंक रोडच्या चामड्याच्या दुकानांत बघ, पण बॅगेचं मऊ चामडं बहुतेक क्रोमवालं, म्हणजे रसायनानं कमावलेलं असतं, ते नको. झाडाच्या सालीनं कमावलेलं माग, कोल्हापुरी चपलेचं असतं ना, म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून केलेलं, त्या जातीचं. ३ इंच रुंद, २० एक इंच लांब सरळ पट्टी, मध्ये शिवण नको, वळी नको. एका टोकाला कडी ठोकली की खिडकीच्या ग्रिलला अडकव. रोज तळहाताने चोळत राहा, महिन्याभरात बघ कसा होतो.

चाळीतला_चिंटू:
८:१२ ची लोकल पकडणाऱ्याने वस्तऱ्याच्या नादी लागू नये. सेफ्टी रेझर घे आणि उरलेल्या पैशात वहिनींना जेवायला ने 😄

निसणेवाला:
दगडाबद्दल काकांशी नव्वद टक्के सहमत. पुढे चार-सहा महिन्यांनी पट्ट्याने भागेना झालं की १२००० चा एकच दगड घे, नानिवा कंपनीचा चांगला आहे, पाणी टाकून अजिबात न दाबता १०-१५ हात मारले की धार परत येते. नॉर्टन कंपनीचा ४०००/८००० चा जोडदगडही चालेल. १००० लागतो धार मुळातून बसवायची असेल तेव्हा, आणि नवीन माणूस त्यावर बसला की चांगला वस्तरा खाऊन टाकतो. नागदेवीत जो करड्या रंगाचा कार्बोरंडम मिळतो तो विळीला ठीक, वस्तऱ्याला लावलास तर आजोबा स्वप्नात येतील. दगडावर पाठ आणि धार दोन्ही टेकलेली हवी, कोन पाठच ठरवते, आपण ठरवायचा नाही. आणि नवा दगडही सपाट असेल असं धरून चालू नकोस, पेन्सिलने चौकटी आखून काचेवरच्या ओल्या पॉलिश पेपरवर घास, सगळ्या रेघा गेल्या की सपाट. हिरवी पेस्ट रोजच्या पट्ट्याला लावायची नाही, तिच्यासाठी वेगळी पट्टी.

पावसाळ्यात वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नकोस, पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरव. खोबरेल नको, चिकट होतं. पट्ट्यालाही बुरशी येते, कपाटात कोंबू नकोस.

पण मला खटकतंय ते वेगळंच. मूठ पिवळी म्हणालास, कशाची आहे? जुनी सेल्युलॉइडची (जुन्या काळचं प्लास्टिक) असेल तर ती आतून कुजते आणि तिच्या वाफेने पात्याला गंज चढतो. ते काळे डाग घडी मिटल्यावर मुठीच्या आत जातात तिथेच आहेत का बघ.

लोकल_लटकंती:
बापरे. तिथेच आहेत. मूठ नाकाशी धरली तर कापरासारखा वास येतोय.

निसणेवाला:
मग सेल्युलॉइडच. घडी मिटू नकोस, ट्रंकेत परत टाकू नकोस, उघडा करून हवेवर ठेव आणि गॅसजवळ नको, भडकन पेटतं ते. मूठ बदलून घ्यावी लागेल बहुतेक. पात्याचे दोन्ही बाजूंचे फोटो टाक, धारेच्या जवळचा एक नीट उजेडात.

लोकल_लटकंती:
रात्री टाकतो. बायकोने विचारलं काय हुंगतोयस, सांगावं लागलं सगळं.