मदत हवी आहे: तापमानाची नोंद रोज ‘२२:४’ वर तुटते (सी, रास्पबेरी पाय)

नमस्कार मंडळी,

ग्वाल्हेरला लश्कर भागात आमचं जुनं घर आहे. वरच्या मजल्यावर आजीची खोली, डोक्यावर दगडी पट्ट्यांचं छत. मे महिन्यात दगड दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडत राहतो. आजीचा पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. छतावर चुना मारायचं ठरलंय, पण त्याने फरक किती पडतो ते मला मोजून बघायचंय. म्हणून रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडला आणि सी भाषेत छोटा प्रोग्राम लिहिला. दर मिनिटाला वेळ आणि तापमान, एक ओळ, टेक्स्ट फाइलमध्ये.

रात्री १२ ला सुरू करते, दुसऱ्या रात्री १२ ला कंट्रोल-सी दाबून थांबवते. ओळी १,४४० हव्यात. पडद्यावर तेवढ्या येतात, मोजल्यात. फाइलमध्ये मात्र १,३६५, आणि शेवटी अर्धवट ‘२२:४’. दगडाची धग खोलीत उतरते ती हीच वेळ, आणि तीच हातून जाते.

मेमरी कार्ड बदलून पाहिलं, तरी तिथेच तुटलं. जागा भरपूर आहे, एरर येत नाही. काल पहाटे साडेपाचला फाइल उघडली तर पूर्ण रिकामी, सहाला उघडली तर ५:४० पर्यंतच्या नोंदी एकदम हजर!

अनंत लूपमध्ये एफप्रिंटएफने फाइलमध्ये आणि प्रिंटएफने पडद्यावर लिहिते. फाइल बंद करणारं एफक्लोज लूपच्या खाली आहे.

प्रतिसाद
फाइल किती बाइटची दिसते? आणि एक ओळ किती अक्षरांची?

धागाकर्ती
फाइल १६,३८४ बाइट. ओळ ‘१४:०५ ४२.७५’ अशी. ११ अक्षरं आणि ओळ संपल्याची खूण, म्हणजे १२.

प्रतिसाद
मग कार्ड आणि सेन्सर दोन्ही ठीक आहेत. १६,३८४ म्हणजे बरोब्बर ४ × ४,०९६. एफप्रिंटएफ थेट फाइलमध्ये लिहीत नाही, आधी मेमरीतल्या (कार्डावरच्या नव्हे, रॅममधल्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवतं. तुमच्याकडे तो बफर ४,०९६ बाइटचा आहे. तो भरला की सगळा एकदम फाइलमध्ये जातो, मग आकडा मधेच तुटला तरी त्याला फिकीर नसते. १२ बाइटच्या ओळींनी तो भरायला ५ तास ४१ मिनिटं लागतात, म्हणून साडेपाचला फाइल रिकामी होती.

कंट्रोल-सीने प्रोग्राम जागच्या जागी मरतो, खालच्या एफक्लोजपर्यंत पोचतच नाही. बफरमधले उरलेले ८९६ बाइट तिथेच जातात. पडद्याचा बफर ओळ संपली की रिकामा होतो, त्यामुळे तिथे सगळं दिसतं आणि आपण फसतो.

प्रत्येक एफप्रिंटएफनंतर एफफ्लश लावा, ते बफर लगेच रिकामा करतं. मिनिटाला एक ओळ, वेगाची चिंता नको. ती टर्मिनलची खिडकी अजून उघडी असेल तर कालच्या हरवलेल्या ओळी तिथूनच कॉपी करून घ्या, बंद करू नका.

धागाकर्ती
खिडकी उघडीच होती दादा, ७५ ओळी परत मिळाल्या! एफफ्लश लावून १० मिनिटं चालवलं, ओळ पडली की लगेच फाइलमध्ये दिसते. पण उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाते. तेव्हा काय होईल?

प्रतिसाद
एफफ्लशने डेटा प्रोग्राममधून लिनक्सकडे, म्हणजे पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, पण लिनक्सही तो थोडा वेळ मेमरीत ठेवतं. तेवढ्यात वीज गेली तर शेवटच्या काही ओळी जाऊ शकतात. एफफ्लशच्या पाठोपाठ एफसिंक द्या, म्हणजे ओळ कार्डापर्यंत पोचते. त्याला एफप्रिंटएफला देतो तो फाइल पॉइंटर चालत नाही, फाइलनोने मिळणारा नंबर द्यावा लागतो. आणि फाइल ‘डब्ल्यू’ने (जुनं पुसून नव्याने लिहिणं) उघडत असाल तर आधी ‘ए’ (जुन्याच्या शेवटी जोडत जाणं) करा. नाहीतर वीज परत आल्यावर प्रोग्राम सुरू केलात की दिवसभराची नोंद पुसली जाईल.

धागाकर्ती
‘डब्ल्यू’च होतं. आत्ताच बदललं, एफसिंकही घातलं. आज रात्री १२ पासून नवी नोंद सुरू करते, चुना त्यानंतरच मारू.