डेपो, आयुध निर्माणी, सीआरपीएफ: यांपैकी संरक्षण मंत्रालयाचे नेमके कोण?

प्रश्न: पारावरचा वाचक (देवळी तालुका)

नमस्कार. माझे गाव पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारापासून, म्हणजे आमच्या भाषेत डेपोपासून, फार दूर नाही. गेल्या आठवड्यात पारावर असा वाद झाला की त्याचा निकाल कोणालाच लावता आला नाही. गावातील एक मुलगा सीआरपीएफमध्ये, म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दलात आहे, माझ्या बहिणीचे सासरे भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले आणि शेजारच्या काकू हवालदाराच्या विधवा असून त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. हे सर्व जण स्वतःला ‘संरक्षण खात्याचे’ म्हणवतात. काकूंच्या कागदपत्रांत नावात एका वेलांटीचा फरक आहे आणि तो दुरुस्त करण्यासाठी केलेला अर्ज एका कार्यालयाने ‘हा विषय आमच्या अखत्यारीत येत नाही’ असे लिहून दोनदा परत पाठवला आहे. अखत्यार कोणाची, हे मात्र त्या पत्रात कोठेही लिहिलेले नाही.

या मंत्रालयाची रचना कशी असते आणि वर कोण बसतो, हे कोणी समजावून सांगेल काय? आमच्या शिवारात साधा कोठा बांधायचा म्हटले तरी डेपोची परवानगी लागते असे सांगतात, तेही याच मंत्रालयाचे काम आहे काय?

उत्तर १: निवृत्त हवालदार, हिंगणघाट

भाऊ, तुमच्या पारावरील एक जण मुळातच या मंत्रालयाचा नाही. सीआरपीएफ, सीमा सुरक्षा दल, आयटीबीपी, सीआयएसएफ आणि सशस्त्र सीमा बल ही दले केंद्रीय गृह मंत्रालयाखाली येतात. गडचिरोलीत तैनात असलेला सीआरपीएफचा जवान आणि कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमधून बाहेर पडलेला जवान गावच्या जत्रेत शेजारी उभे राहिले, तर लोकांच्या दृष्टीने दोघेही मिलिटरीतलेच असतात, पण त्यांचे कायदे, निवृत्तिवेतनाचे नियम आणि मंत्री निरनिराळे आहेत. याउलट तटरक्षक दल आणि डोंगरात रस्ते बांधणारी सीमा रस्ते संघटना संरक्षण मंत्रालयाची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मंत्रालयात पाच विभाग आहेत. संरक्षण विभाग, सैन्य व्यवहार विभाग, संरक्षण उत्पादन विभाग, संरक्षण संशोधन आणि विकास विभाग, आणि माजी सैनिक कल्याण विभाग. तुमचा डेपो लष्कराच्या ऑर्डनन्स कोअरचा, म्हणजे शस्त्रसामग्री साठवून पुरवणाऱ्या शाखेचा आहे, म्हणून तो लष्कर मुख्यालयामार्फत सैन्य व्यवहार विभागाकडे जातो. हा विभाग सर्वांत नवा आहे. त्याला २०१९ च्या डिसेंबरअखेरीस मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत पहिले संरक्षण दल प्रमुख, म्हणजे सीडीएस झाले, तेच त्याचे पहिले सचिव. तेव्हापासून तिन्ही दलांचा सेनापती एकच झाला, असे समजा.

काकूंचा विषय वेगळा आहे. त्यांच्याकडे पतीचे डिस्चार्ज बुक, म्हणजे सेवामुक्तीची पुस्तिका असेल तर ते आधी काढा, कारण त्यावर रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाचे नाव असते. नावातील दुरुस्तीची सुरुवात तेथूनच होते. निवृत्तिवेतनाचा आदेश प्रयागराजच्या प्रधान संरक्षण लेखा नियंत्रकांकडून निघतो आणि रक्कम आता बहुतेकांना ‘स्पर्श’ या प्रणालीतून मिळते, त्यामुळे मूळ नोंद सुधारल्याशिवाय बँकेत किंवा तहसीलमध्ये फेऱ्या मारून उपयोग नाही.

उत्तर २: जवाहरनगरचा जुना कामगार

निर्माणीबद्दल मी सांगतो, कारण माझी सगळी नोकरी भंडाऱ्यात गेली. आमच्या वेळी देशभरातील आयुध निर्माण्या कोलकात्याच्या आयुध निर्माणी मंडळाखाली होत्या आणि मंडळ संरक्षण उत्पादन विभागाखाली होते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी मंडळ बरखास्त होऊन ४१ निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. भंडारा आणि चांदा, म्हणजे भद्रावतीची निर्माणी, पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियात गेल्या आणि नागपूरची अंबाझरी यंत्र इंडियात गेली, जिचे मुख्यालय नागपुरातच आहे. एकाच विदर्भातल्या तीन निर्माण्या दोन कंपन्यांत का वाटल्या, असे विचाराल तर उत्तर मालात आहे. भंडाऱ्यात स्फोटके आणि प्रणोदके (गोळा पुढे ढकलणारी दारू) होतात, चांद्यात दारूगोळा भरला जातो आणि अंबाझरीचे काम मुख्यतः धातूचे.

या बदलाच्या विरोधात कामगार संघटनांनी संपाची हाक दिली होती आणि ३० जून २०२१ रोजी अत्यावश्यक संरक्षण सेवांचा अध्यादेश काढून तो रोखला गेला. कामगारांना कंपनीत प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले गेले, म्हणजे माणूस केंद्र सरकारचा आणि काम कंपनीचे. माझ्या पुतण्याने पहिल्या महिन्याची पगाराची चिठ्ठी दाखवली, तेव्हा वर कंपनीचे नाव छापलेले पाहून मी ती कितीतरी वेळ हातातच धरून बसलो होतो. बाकी आकडे जुनेच होते.

मला यात एक गंमत वाटते. दारूगोळा तयार करणारी कंपनी उत्पादन विभागाकडे आणि तो विकत घेऊन डेपोत ठेवणारे लष्कर सैन्य व्यवहार विभागाकडे. विकणारा आणि घेणारा दोघे एकाच मंत्र्याच्या घरातले. मालाची तपासणी करणारे गुणवत्ता आश्वासन महासंचालनालयही उत्पादन विभागाचेच आहे, आणि ते लष्कराच्या हाती असावे की नसावे, यावर आम्ही जेवणाच्या सुट्टीत पुष्कळ भांडलो आहोत.

उत्तर ३: स्पर्धा परीक्षेचे वर्ग घेणारा शिक्षक, आर्वी

हवालदार काकाजींचे उत्तर उपयुक्त आहे, परंतु एक दुरुस्ती आवश्यक वाटते. सीडीएस हे तिन्ही दलांचे सेनापती नाहीत. ते संरक्षण मंत्र्यांचे प्रमुख लष्करी सल्लागार, दलप्रमुखांच्या समितीचे कायमचे अध्यक्ष आणि सैन्य व्यवहार विभागाचे सचिव आहेत, तथापि तिन्ही दलप्रमुखांवर त्यांचा लष्करी हुकूम चालत नाही, असे हे पद निर्माण करतानाच स्पष्ट केले होते. संविधानाच्या अनुच्छेद ५३ नुसार संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि ते कायद्याने नियंत्रित होते. प्रत्यक्ष जबाबदारी मंत्रिमंडळाची असते आणि मंत्रिमंडळाच्या वतीने संसदेत उत्तर देतो तो संरक्षण मंत्री.

ही रचना अशीच का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ब्रिटिश काळात सरसेनापती हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा सदस्यही असे, म्हणजे फौज चालवणारा आणि फौजेचे धोरण ठरवणारा एकच. १९४६ च्या हंगामी सरकारात संरक्षण खाते बलदेव सिंग यांच्याकडे गेले आणि १९५५ मध्ये तर ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनामही जाऊन तिन्ही दलांना प्रत्येकी एक ‘चीफ ऑफ स्टाफ’ मिळाला. आजच्या कार्यभार वाटपातही हा धागा दिसतो. लष्कर, नौदल आणि हवाई दल सैन्य व्यवहार विभागाकडे आहेत, पण ‘भारताचे संरक्षण’ हा विषय आणि मोठ्या शस्त्रखरेदीचा भांडवली खर्च सनदी सचिवाच्या संरक्षण विभागाकडे आहे. ज्यांच्या हाती शस्त्र त्यांच्याच हाती तिजोरी नसावी, हा त्यातील विचार मला योग्य वाटतो, जरी त्यामुळे फाइल लांबते ही तक्रारही खरी आहे.

उत्पादन विभागाचा जन्म १९६२ च्या नोव्हेंबरचा, चीनच्या आक्रमणाच्या धक्क्यातला. यशवंतराव चव्हाण संरक्षण मंत्री म्हणून दिल्लीला गेले तोही हाच महिना, आणि भंडारा, चांदा व अंबाझरी या तिन्ही निर्माण्याही त्याच दशकातल्या.

आता कोठ्याबद्दल. ज्या संरक्षण स्थळाभोवती १९०३ च्या ‘वर्क्स ऑफ डिफेन्स’ कायद्याखाली अधिसूचना निघालेली असते, तेथे कमाल २००० यार्डांपर्यंतच्या हद्दीत लष्करी अधिकाऱ्याच्या लेखी मंजुरीशिवाय बांधकाम करता येत नाही. ३०-३१ मे २०१६ च्या रात्री पुलगावच्या भांडारात आग लागली तेव्हा आसपासची गावे रिकामी करावी लागली, हे लक्षात घेतले तर हा निर्बंध निव्वळ कागदी वाटत नाही. मात्र त्याच कायद्यात निर्बंधामुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई ठरवण्याचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे, आणि हा भाग गावापर्यंत क्वचितच पोहोचतो. म्हणून आधी गट क्रमांक घेऊन आपले शेत अधिसूचित हद्दीत येते का, ते लेखी विचारावे.

उत्तर ४: निवृत्त हवालदार, हिंगणघाट

गुरुजी, चूक मान्य. मी नोकरी संपवून आलो तेव्हा सीडीएस हे पदच नव्हते.

एक राहिले. वर्ध्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय राज्य शासनाचे आहे, दिल्लीचे नाही. माजी सैनिक कल्याण विभाग २००४ मध्ये झाला, केंद्रीय सैनिक मंडळ त्याच्याखाली आहे, पण जिल्ह्यातील टेबल राज्याचे. अर्ज ते भरून देतात, शिफारस करतात, पुढे पाठवतात, निर्णय मात्र त्यांचा नसतो. हा विषय लहान समजू नका: २०२५-२६ च्या ६.८१ लाख कोटी रुपयांच्या संरक्षण अर्थसंकल्पात सुमारे १.६१ लाख कोटी एकट्या निवृत्तिवेतनाचे आहेत.

प्रश्नकर्ता: पारावरचा वाचक

सर्वांचे आभार. काल काकूंच्या घरी लोखंडी पेटी उघडली. तुरीच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक तळाशी सापडले. पती महार रेजिमेंटचे होते आणि पत्ता मध्य प्रदेशातील सागरचा आहे. त्यात काकूंच्या नावाची दुसरी वेलांटी दीर्घ आहे, आधार कार्डावर ती ऱ्हस्व आहे, म्हणजे चूक लष्कराची नसून आधार केंद्रातली निघाली. आता आधी आधार दुरुस्त करून घेतो आणि मगच सागरला लिहावे लागते का, ते पाहतो. कोठ्याचा गट क्रमांक तलाठ्याकडून सोमवारी मिळणार आहे.