शब्दचर्चा : पुस्तक ‘हलकं’ असतं म्हणजे कसं असतं?

आमच्या गावच्या वाचनालयात (सेलू तालुका, जिल्हा परभणी) सध्या कपाटं उपसून पुस्तकं नव्यानं लावणं चालू आहे. चरित्रं, संतवाङ्मय, शेती, स्पर्धा परीक्षा, बालसाहित्य अशा चिठ्ठ्या लागल्या आणि पाचव्या कपाटापाशी गाडं अडलं. त्यात रहस्यकथा आहेत, भुताखेतांच्या आहेत, प्रेमाच्या, शिकारीच्या, विनोदी, परग्रहावरच्या. सगळ्या वाचनालयात जास्त झिजलेली पुस्तकं हीच. पुठ्ठे सुटलेले, पाठीला चिकटपट्टी, तारखांचा कागद भरला म्हणून त्यावर दुसरा डकवलेला. तर या कपाटावर समितीतल्या एकानं चिठ्ठी लावली : ‘हलके साहित्य’.

मला ती चिठ्ठी लागली. दहावीच्या वर्षी वडील दवाखान्यात होते, रात्री त्यांच्या उशाशी मी बसायची. त्या रात्री मी याच कपाटातल्या पुस्तकांवर काढल्या. एका रहस्यकथेची शेवटची पानं फाटलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी ती पूर्वी वाचलेली. खुनी कोण ते त्यांनी लगेच सांगितलं नाही, आधी विचारलं, “तुला कोण वाटतो, बाळ?” आणि तासभर आम्ही दोघं एकेका माणसावर संशय घेत बसलो. त्या पुस्तकाला हलकं कसं म्हणू?

आता शब्दाकडे येते. ‘हलकं’ वाईटच आहे असं नाही. जीव हलका झाला, पोट हलकं वाटतंय, हलक्या हातानं तेल लाव, या सगळ्यांत सुख आहे. पण हलक्या कानाचा, हलक्या मनाचा, हलक्या प्रतीचा, यांत तुच्छता आहे आणि ‘हलकट’ तर त्याच घरातला. माझ्या लक्षात आलं ते असं : ‘हलकं’ ‘वाटणं’ किंवा ‘होणं’ यांच्यासोबत आलं की गोड लागतं. माणसाच्या किंवा मालाच्या अलीकडे विशेषण होऊन बसलं की दर्जा ठरवायला लागतं. ‘वाचून हलकं वाटलं’ आणि ‘हलकं पुस्तक वाचलं’ या दोन वाक्यांतलं अंतर बघा.

तुमच्याकडे अशा पुस्तकांना काय म्हणतात? कपाटावर काय लिहावं?

लातूरहून :

ताई, निरीक्षण चांगलं आहे, पण एक दुरुस्ती. हलका आहार, हलका पाऊस, हलकी झोप यांत विशेषणच आहे आणि तुच्छता नाही. माणूस आणि माल यांच्यापुरतं तुमचं म्हणणं खरं.

आणि आम्हा शेतकऱ्यांचा एक अर्थ तुमच्याकडून राहिला. हलकं रान आणि भारी रान. हलकं म्हणजे मुरमाड, उथळ, पाणी न धरणारं. भारी म्हणजे काळं, खोल, उन्हाळ्यात हात-हात भेगा पडणारं. सोयरीक जुळवताना पाहुणे आधी विचारतात, रान कसलं हाय? भारी म्हटलं की मान हलते. पण भुईमूग लावायचा तर काय? भारी रानात शेंग धरते, पण उपटायला गेलं की डहाळा हातात येतो आणि शेंगा मातीतच तुटून राहतात. हलक्या भुसभुशीत रानात आख्खा झुबका वर येतो. माझ्या वडिलांचं बोलणं असं की रान हलकं-भारी नसतं, पीक चुकलेलं असतं. पुस्तकाचंही तसंच धरा. भारी कादंबरीतलं काही काही माझ्या हाताला लागलं नाही, आतच राहिलं. हा माझा दोष असेल. पण रहस्यकथा मुळासकट वर आली.

नांदेडहून :

होस्टेलवर आम्ही सरळ ‘टाइमपास’ म्हणतो. ‘लय भारी टाइमपास हाय, घेऊन जा.’

मूळ लेखिका :

नांदेडकर, तुमच्या एका वाक्यात ‘भारी’ पण आलं, हे बघून लातूरच्या दादांना बरं वाटेल. आजच्या पोरांच्या तोंडी ‘भारी’ म्हणजे उत्तम, आणि लय भारी पुस्तक बहुतेक वेळा हलकंफुलकंच असतं.

‘टाइमपास’ला मात्र माझी हरकत आहे. एसटी स्टँडवर खारे दाणेवाला पुडी पुढं करून ‘टाइमपास, टाइमपास’ ओरडतो, ते मला आवडतं, कारण गाडी येईपर्यंतचा वेळ खरंच काढायचा असतो. पण पुस्तक वाचताना मी गाडीची वाट बघत नसते. उलट गाडी अजून थोडी उशिरा यावी असं वाटतं.

अंबाजोगाईहून :

मी निवृत्त शिक्षक. शब्द आपल्याकडे आहे, तो आपण धूळ खात ठेवला आहे : करमणूक.

ह. ना. आपट्यांनी 1890 साली साप्ताहिक काढलं, त्याचं नावच ‘करमणूक’. त्यांच्या कादंबऱ्या त्यातून क्रमशः येत. आज ज्यांना आपण गंभीर म्हणतो त्या कादंबऱ्याही त्यातल्याच. त्या काळच्या संपादकाला हे नाव कमीपणाचं वाटलं नाही. आपल्याला वाटायला लागलं याचं एक कारण मला सरकारी दिसतं. सिनेमाच्या तिकिटावर वर्षानुवर्षं ‘करमणूक कर’ छापून यायचा. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो त्यात गेला. तोवर ‘करमणूक’ म्हटलं की तिकीट आणि तमाशाचा फड, एवढंच डोळ्यांपुढं यायला लागलं होतं.

पण शब्दाचं मूळ क्रियापद बघा : करमणे. याची रचना विलक्षण आहे. ‘मी करमतो’ असं होत नाही. ‘मला करमतं’ म्हणावं लागतं, आणि त्यातही नकारच जास्त : मला करमत नाही. आपल्याकडच्या बोलीत ‘करमंना’. नवी सून माहेरी सांगते, तिथं करमंना गं. ऊसतोडीला गेलेल्या मुलाची आई म्हणते, पोरगं गेल्यापासून घरात करमंना. हा नुसता कंटाळा नाही. कंटाळा कामाचा येतो, करमत नाही ते माणसावाचून आणि जागेवाचून. मन एका जागी बसत नाही, घर आपलं वाटत नाही, असं काहीतरी तो शब्द सांगतो. मग करमणूक म्हणजे काय? मन परत जागेवर आणून बसवणं. तुम्ही दवाखान्यात वाचलंत ते तेच होतं. याला हलकं काम म्हणता येणार नाही.

मूळ लेखिका :

सर, ‘करमंना’ हा शब्द मी जन्मापासून बोलते आणि ‘करमणूक’शी तो कधी जोडला नव्हता. दुसऱ्या रात्री त्या आजोबांना दवाखान्यातून सोडलं. त्यांची खाट रिकामी झाल्यावर मला जे झालं त्याला आईनं हाच शब्द वापरला होता.

संभाजीनगरहून :

आमच्या आजोबांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दूतून. 1948 नंतर घरात मराठी पुस्तकं वाढली, पण त्यांच्या तोंडचे शब्द गेले नाहीत. रहस्यकथेला ते कायम ‘जासूसी’ म्हणत. मला वाटतं जासूस आणि हेर यांत छटा वेगळी आहे. ‘हेर’ म्हटलं की राजाचा, गडाखालून माहिती काढणारा. ‘जासूस’ म्हटलं की गल्लीतला, सिगारेटचं थोटूक उचलून बघणारा. अरबीत त्याचं मूळ चाचपून बघण्याशी, कानोसा घेण्याशी जातं. रहस्यकथेचा नायक काम करतो तेही तसंच.

काकांची गोष्ट निराळी. ते लेखकाचं नाव घेत नसत. वाचनालयात मला पाठवताना सांगायचे, झुंजार असला तर आण, नाहीतर काळापहाड. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, हे मला खूप उशिरा कळलं. आमच्या घरात ते नायकांच्या नावानंच राहत होते.

मूळ लेखिका :

छटांचा विषय निघालाच आहे तर आतल्या फळ्यांच्या चिठ्ठ्याही विचारून घेते. रहस्यकथा, गूढकथा, भयकथा यांत लोक गल्लत करतात. माझी वाटणी अशी : रहस्य शेवटी उकलतं. गूढ पुस्तक मिटल्यावरही उरतं. भय दिवा मालवल्यावर येतं. ‘रहस्य’ हा शब्द संस्कृत ‘रहस्’वरून, म्हणजे एकांतावरून आलेला. ‘गूढ’ ‘गुह्’वरून, लपवण्यावरून. एकांतात झालेली गोष्ट कुणीतरी येऊन उजेडात आणू शकतं, म्हणून रहस्याला जासूस लागतो. गूढाला लागत नाही.

आणि ‘उत्कंठा’! त्यात मान उंच करून बघणं आहे. संस्कृतात ती विरहिणीची, वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बाईची. मराठीत ती रहस्यकथेकडे आली, पण मान तशीच उंचावलेली राहिली.

पैठणहून :

चर्चा चार दिवस वाचतो आहे. आमच्या गावाचं नाव अजून कसं आलं नाही?

गुणाढ्याची गोष्ट पैठणची. प्रतिष्ठानच्या, म्हणजे जुन्या पैठणच्या, सातवाहन राजाच्या दरबारातला हा पंडित. पैजेत हरला म्हणून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी बोली सोडली. मग उरली पैशाची, पिशाचांची भाषा. तिच्यात त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. ती राजाकडे पाठवली. राजा म्हणाला, भाषा पिशाचांची, लिहिलंय रक्तानं, न्या परत. म्हणजे तुमच्या पाचव्या कपाटावर जी चिठ्ठी लागली, तीच.

गुणाढ्यानं मग टेकडीवर कुंड पेटवलं आणि एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकायला लागला. रानातली जनावरं भोवती जमली. चरायचं सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. इकडे राजाच्या ताटातलं मांस सुकं यायला लागलं. वैद्यांनी आचाऱ्यांना विचारलं, आचाऱ्यांनी पारध्यांना. पारधी म्हणाले, जनावरं खातच नाहीत, एक ब्राह्मण गोष्ट वाचतोय ती ऐकत बसलीत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. हाती लागले ते एक लाख.

मूळ बृहत्कथा आज नाही. ही हकिगत काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागरात सांगितली आहे. ही दंतकथाच आहे. पण ती आमच्या गावावर बसवली गेली याचा मला अभिमान आहे.

अंबाजोगाईहून :

पैठणकर, तुम्ही माझ्यासाठी एक दार उघडलंत. त्याच बृहत्कथेच्या परंपरेतली एक गोष्ट सातव्या शतकात बाणभट्टानं घेतली : बोलणारा पोपट, दोन प्रेमी जोड्या, जन्मोजन्मीची ताटातूट. नायिकेचं नाव कादंबरी. बाण ती पुरी करण्याआधी वारला, त्याच्या मुलानं पुरी केली. आणि एकोणिसाव्या शतकात मराठीला या नव्या वाङ्मयप्रकारासाठी शब्द हवा होता तेव्हा आपण त्या नायिकेचंच नाव उचललं. हिंदीत आणि बंगालीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. आपली आणि कन्नडिगांची मात्र कादंबरी. म्हणजे सामाजिक असो की वैचारिक, मराठीतल्या प्रत्येक कादंबरीच्या अंगावर एका प्रेमकथेतल्या मुलीचं नाव आहे.

संस्कृतात कादंबरीचा दुसरा अर्थ मद्य. त्यावर जुनी कोटी आहे : कादम्बरीरसज्ञानामाहारोऽपि न रोचते. कादंबरीची गोडी लागलेल्यांना जेवणही रुचत नाही. पैठणची जनावरंही चरायची विसरली होती.

लातूरहून :

आमच्या घरात हेच वाक्य मराठीत रोज ऐकू यायचं. “ठेव ते पुस्तक, भाकर वाळून चालली.” आईला संस्कृत येत नव्हतं.

हिंगोलीहून :

उशिरा आले. एवढंच सांगायचं आहे की आमच्याकडे बायका ‘रडायचं पुस्तक द्या’ असं मागतात. करमणूक म्हटलं की लोकांना हसणंच आठवतं, ते कपाटाच्या चिठ्ठीत येईल का बघा. आणि ‘विरंगुळा’ सुचवायचा मोह मलाही झाला होता, पण तो शब्द पेन्शनरांच्या बागेचा झालाय.

मूळ लेखिका :

हिंगोलीच्या ताई, तुमचा मुद्दा मी समितीत मांडला. ‘रंजन’ सुचवलं गेलं, ‘लोकप्रिय’ सुचवलं गेलं. लोकप्रियला मीच नको म्हटलं, कारण मग बाकीची चार कपाटं लोकांना प्रिय नाहीत असं आपणच लिहून दिल्यासारखं होतं. शेवटी अंबाजोगाईच्या सरांचा मजकूर मी मोबाइलवर वाचून दाखवला. ‘करमंना’पर्यंत आले तेव्हा ज्यांनी पहिली चिठ्ठी लावली होती तेच काका उठले आणि त्यांनी ती स्वतः काढली. त्यांची मुलगी मागच्याच वर्षी लग्न होऊन पुण्याला गेली आहे.

आता कपाटावर ‘करमणूक’ आहे आणि आत फळ्यांना खडूनं लिहिलं आहे : रहस्य, गूढ, भय, प्रेम, हसू, शिकार, आकाश. हिंगोलीच्या ताईंसाठी प्रेमाच्या फळीचा डावा कोपरा ‘रडू’ म्हणून ठेवला. परवा अंगणवाडीतल्या सेविका आल्या, चिठ्ठ्या वाचत दोनदा येरझार घातली, आणि भयातलं एक आणि रडूतलं एक अशी दोन पुस्तकं नेली.

फाटक्या पानांची ती रहस्यकथा मला याच कपाटात खालच्या फळीवर सापडली. आजोबांनी त्या रात्री सांगितलेला शेवट मी कोऱ्या कागदावर लिहून काढला आहे. पण तो पुस्तकाला चिकटवलेला नाही. काउंटरच्या खणात ठेवलाय. कुणी विचारायला आलं की आधी मी विचारणार, तुम्हाला कोण वाटतो?