ऑस्कर पीटरसन आणि कोल पोर्टर: लांबीचा हिशोब

जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसनने गीतकार-संगीतकार कोल पोर्टरची गाणी वाजवली, त्या रेकॉर्डिंगबद्दल "पीटरसन इथे फक्त चाल वाजवून थांबतो", स्वतःचा विस्तार करत नाही, असं एक म्हणणं आहे; ते अर्धंच पटतं. कोल पोर्टरची बरीच गाणी नेहमीच्या ३२ मात्राखंडांत (बारमध्ये) बसत नाहीत. 'नाइट अँड डे' ४८ बारचं, 'आय हॅव गॉट यू अंडर माय स्किन' ५६ चं. बारला चार ठोके आणि मिनिटाला २०० ठोक्यांची लय धरली तरी ५६ बारचं एक आवर्तन (गाण्याची पूर्ण फेरी) ६७ सेकंद खातं. तीन-एक मिनिटांच्या ट्रॅकमध्ये दोन-अडीच आवर्तनं, त्यातलं निम्मं चालीतच जातं. मग विस्ताराला उरतं किती?

आणि कुठलं रेकॉर्डिंग ऐकताय तेही बघा. निर्माता नॉर्मन ग्रँझने पीटरसनकडून पोर्टरच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग दोनदा करून घेतलं: १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला गिटार आणि रे ब्राउनच्या बाससह, मग १९५९ मध्ये गिटारऐवजी एड थिगपेनचे ड्रम्स. ड्रम्स ऐकू आले तर दुसरं.

वाजवून बघणाऱ्यांसाठी: 'नाइट अँड डे' सी मेजरमध्ये घेतलं तर पहिला कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) ए फ्लॅट मेजर सेव्हन, मग जी सेव्हन, मग सी. चालीचा सूर सुरुवातीला जी वरच ठिय्या देतो (सी षड्ज मानला तर पंचम) आणि पहिल्या कॉर्डच्या मूळ सुरापासून तो मेजर सातवा सूर ठरतो. पुष्कळ जण तिथे डी हाफ डिमिनिश्ड हा दुसरा कॉर्ड घेतात. चूक नाही, पण जी मग मूळ सुरापासून अकरावा होतो आणि ती सुरुवातीची चमक जाते.